पाहण्यातली नीती : आयरिस मर्डॉक यांचे ‘द सॉव्हरिन्टी ऑफ गुड’

नीतिशास्त्रावरचे पुस्तक उघडताना वाचकाच्या मनात सहसा एकच प्रश्न असतो : अमुक प्रसंगी मी काय करावे? आयरिस मर्डॉक यांचे ‘द सॉव्हरिन्टी ऑफ गुड’ हे शंभरएक पानांचे पुस्तक या प्रश्नाला सरळ उत्तर देत नाही. निर्णयाची घडी येते तोवर निवडीचे बहुतेक काम होऊन गेलेले असते, आपण समोरच्या माणसाकडे आजवर कसे पाहत आलो यावरच ते ठरलेले असते, असे या पुस्तकाचे म्हणणे आहे. ते पटले तर कसोटीच्या चार प्रसंगांपुरती मानलेली नीती रोजच्या साध्या, कुणाच्या लक्षातही न येणाऱ्या वेळात येऊन बसते. १९७० साली प्रथम प्रसिद्ध झालेले हे पुस्तक रूटलेजच्या ‘क्लासिक्स’ मालेत कागदी बांधणीत निघालेले आहे. मी ते पुन्हा पुन्हा वाचले आहे, आमच्या वाचनगटात त्यावर कडाक्याचे वाद झालेले ऐकले आहेत, आणि इंग्रजी वाचणाऱ्या मराठी वाचकाने ते जवळ बाळगावे असे मला मनापासून वाटते. मात्र ते कसे वाचावे आणि त्यात काय उणे आहे, हेही सांगायला हवे.

मर्डॉक यांचा जन्म १९१९ साली डब्लिनला झाला आणि त्या वाढल्या लंडनमध्ये. ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल महाविद्यालयात ग्रीक-लॅटिन अभिजात वाङ्मय आणि तत्त्वज्ञान यांचा अभ्यास पुरा करून त्या युद्धकाळात ब्रिटनच्या अर्थखात्यात नोकरीला लागल्या. १९४४ ते १९४६ या काळात त्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या मदत व पुनर्वसन संस्थेत काम केले आणि बेल्जियम व ऑस्ट्रियात असताना युद्धाने घरदार हिरावून घेतलेली माणसे जवळून पाहिली. ब्रुसेल्समध्ये सार्त्र या फ्रेंच अस्तित्ववादी तत्त्वज्ञाशी त्यांची गाठ पडली. १९५३ साली त्यांचे पहिले पुस्तक निघाले तेही सार्त्रवरच, आणि पुढची वैचारिक वाटचाल मात्र त्याच्यापासून दूर जाण्याची ठरली. १९४८ ते १९६३ या काळात त्या ऑक्सफर्डच्या सेंट अ‍ॅन्स महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवत होत्या. १९५४ पासून कादंबऱ्या येऊ लागल्या, त्या एकूण २६ झाल्या, आणि त्यांतल्या ‘द सी, द सी’ला १९७८ चे बुकर पारितोषिक मिळाले. म्हणजे या पुस्तकातले निबंध लिहिणारी व्यक्ती दिवसाचा एक भाग तर्काच्या काटेकोर जगात आणि दुसरा भाग काल्पनिक माणसांच्या मनात काढत होती. पुस्तकाचे बलस्थान नेमके याच दुहेरी सवयीत आहे.

पुस्तकात तीन निबंध आहेत. पहिला, ‘द आयडिया ऑफ परफेक्शन’, वेल्समधल्या बँगॉर येथे दिलेल्या व्याख्यानातून तयार झाला आणि १९६४ साली ‘येल रिव्ह्यू’त छापला गेला. दुसरा, ‘ऑन गॉड अँड गुड’, १९६९ साली एका संपादित ग्रंथात आला. तिसरा म्हणजे १९६७ चे केंब्रिजमधले लेस्ली स्टीफन व्याख्यान. तिन्ही निबंध वेगवेगळ्या श्रोत्यांसाठी लिहिलेले असल्यामुळे काही मुद्दे दोनदा-तीनदा येतात. सलग ग्रंथाची शिस्त हवी असणाऱ्याला ते खटकेल. मला त्याचा उपयोगच झाला, कारण पहिल्या निबंधात तांत्रिक भाषेत आलेली गोष्ट तिसऱ्यात उजळ होऊन येते.

मर्डॉक यांचा वाद कुणाशी होता हे नीट समजले नाही तर पहिला निबंध डोक्यावरून जातो. त्या काळच्या इंग्रजी तत्त्वज्ञानात माणसाचे एक विशिष्ट चित्र सर्वमान्य झाले होते. जग म्हणजे वस्तुस्थितींचा साठा. तो विज्ञानाने तपासावा. मूल्ये जगात नसतात, ती माणूस आपल्या निवडीने त्यात घालतो. अंतर्मनात चाललेले अंधूक आणि खासगी असते, म्हणून नीतीचा विषय तेवढाच जो हालचालीत आणि कृतीत उघड दिसतो. या चित्रातला माणूस स्वतंत्र, एकटा, विवेकी, धाडसी आणि आपल्या इच्छाशक्तीचा मालक आहे. मर्डॉक यांना तो अठराव्या शतकातल्या कांट या जर्मन तत्त्वज्ञाच्या ग्रंथातून थेट सार्त्रच्या कादंबऱ्यांपर्यंत चालत आलेला दिसतो, आणि या वीरपुरुषाचे खरे नाव इंग्रज कवी मिल्टनने त्यांच्या मते फार पूर्वीच सांगून ठेवले आहे : ल्युसिफर, म्हणजे देवाविरुद्ध बंड करणारा सैतान. निबंधात ज्यांच्या मतांचा सर्वांत कसून समाचार घेतला आहे ते समकालीन इंग्रज तत्त्वज्ञ स्टुअर्ट हॅम्पशर, आणि पुस्तकाच्या अर्पणपत्रिकेवर नावही त्यांचेच आहे. ज्याच्याशी आपले मुळातूनच पटत नाही त्याचे म्हणणे आधी त्याला मान्य होईल इतक्या नीटपणे मांडायचे आणि मग खोडायचे, हा सभ्यपणा पहिल्या निबंधात शेवटपर्यंत सांभाळलेला आहे.

या चित्राला मर्डॉक यांनी दिलेले उत्तर एका उदाहरणात सामावले आहे, आणि केवळ त्या तीन-चार पानांसाठीही पुस्तक घ्यावे. एक सासू आहे, तिला त्या ‘एम’ म्हणतात. तिची सून ‘डी’. सासूला वाटते, मुलगी मनाने वाईट नाही, पण गावंढळ. बोलण्यात पोच नाही, वागण्यात अदब नाही, कधी सरळ उद्धट, नेहमीच पोरकट. तिचे उच्चार आवडत नाहीत, कपडे आवडत नाहीत. आपल्या मुलाने आपल्यापेक्षा खालच्या थरातली बायको केली, अशी तिची भावना आहे. मात्र ती कमालीची सभ्य बाई असल्यामुळे यातले काहीही बाहेर दिसू देत नाही. सुनेशी तिचे वागणे पहिल्या दिवसापासून निर्दोष आहे. मराठी वाचकाला मालिकांमधल्या सासवांची सवय असते, तिथे मनातले सगळे चेहऱ्यावर आणि पार्श्वसंगीतात उमटते. इथे नेमके उलटे आहे. उदाहरण आणखी घट्ट व्हावे म्हणून मर्डॉक सुनेला प्रसंगातून काढूनच टाकतात. ती परदेशी निघून गेली किंवा वारली असे समजा, म्हणजे पुढे जे घडेल ते फक्त सासूच्या मनात घडेल.

आता ही सासू बुद्धिमान आहे, स्वतःवर टीका करू शकणारी आहे. ती स्वतःशी म्हणते, मी जुन्या वळणाची आहे, कदाचित पूर्वग्रह धरून बसणारी, कदाचित थोडी घमेंडखोर, आणि मत्सर तर मला नक्कीच वाटतो. पुन्हा एकदा पाहू दे. आणि ती पाहते. हळूहळू, वेळ देऊन, आठवणीतल्या त्याच मुलीकडे पाहते. ज्याला ती गावंढळपणा समजत होती तो साधेपणा दिसू लागतो. बेअदबी वाटत होती ती उत्स्फूर्तता ठरते. गोंगाट वाटत होता तो आनंद, आणि पोरकटपणा वाटत होता ते मन प्रसन्न करणारे तारुण्य. बाहेर काहीही बदललेले नाही. कृती नाही, निर्णय नाही, सुनेला पत्रदेखील नाही. तरीही या बाईने काहीतरी केले, आणि जे केले ते नैतिकदृष्ट्या महत्त्वाचे आहे, हे आपल्यापैकी कुणाला नाकारता येईल? ज्या तत्त्वज्ञानाला ते नोंदवताच येत नाही त्या तत्त्वज्ञानाच्या चौकटीतच दोष आहे, असा मर्डॉक यांचा निष्कर्ष आहे.

या उदाहरणातली कारागिरी पाहण्यासारखी आहे. ‘दुष्ट’ आणि ‘चांगली’ असे ढोबळ शब्द त्यात जवळजवळ येत नाहीत. सगळा बदल ‘गावंढळ’, ‘उत्स्फूर्त’, ‘पोरकट’ अशा बारीक, मूल्याने भारलेल्या विशेषणांत होतो. अशी विशेषणे निवडताना दिवसभर हात थांबत असलेल्या लेखिकेलाच हे सुचू शकते, कारण एका पात्राने दुसऱ्याला कोणत्या विशेषणाने पाहिले यावर कादंबरीतली पात्रे उभी राहतात वा कोसळतात. आपणही घरात, कचेरीत, गावच्या मंडळात माणसांना अशी विशेषणे चिकटवतो आणि वर्षानुवर्षे तीच वापरतो. ती तपासणे हे नैतिक काम आहे, असे मला याआधी कोणत्याही नीतिग्रंथाने सांगितले नव्हते.

या उदाहरणावरचा सर्वांत मोठा आक्षेप वाचनगटात लगेच आला. सासू स्वतःची समजूत काढत नाही कशावरून? सून दूर गेली, त्रास संपला, आता तिला गोड ठरवायला काय जाते? मर्डॉक यांना हा प्रश्न ठाऊक आहे. कुणी म्हणेल ती स्वतःला फसवते आहे, कुणी म्हणेल ती न्यायाने आणि प्रेमाने प्रवृत्त झाली आहे, हे त्या स्वतःच मान्य करतात आणि दुसरे वर्णन योग्य ठरेल असा प्रसंग आपण कल्पिला आहे, एवढेच सांगतात. पण दोहोंतला फरक बाहेरून कसा ओळखायचा, याचे साधन पुस्तक हाती देत नाही. त्यांचे उत्तर असे की न्याय्य नजर एकदाच मिळवून संपत नाही. ती अपूर्णच राहणारी, पुढे पुढे जात राहणारी साधना आहे, आणि म्हणूनच निबंधाच्या शीर्षकात परिपूर्णतेची कल्पना आहे. मला हे उत्तर प्रामाणिक वाटते आणि अपुरेही वाटते. निदान एक खूण त्यांना देता आली असती : जी नवी नजर पाहणाऱ्यालाच सोयीची आहे तिच्यावर अधिक संशय घ्यावा. सासूच्या बाबतीत नवे चित्र तिला सोयीचे नाही, त्यात तिलाच घमेंडखोर आणि मत्सरी ठरावे लागते, आणि मला तरी ती खरी वाटते ती याच कारणाने.

सासूने केलेल्या या कामाला मर्डॉक अवधान म्हणतात. ही संकल्पना त्यांनी सिमोन वेल या फ्रेंच विदुषीकडून घेतली असल्याचे त्या मोकळेपणाने सांगतात. अवधान म्हणजे एका विशिष्ट व्यक्तीकडे किंवा वस्तूकडे लावलेली न्यायी आणि प्रेमळ नजर. तिच्या आड येतो तो आपला लठ्ठ, न थकणारा अहंकार, जो जगाभोवती सतत स्वतःच्या सोयीची स्वप्ने विणत असतो. या बाबतीत मर्डॉक फ्रॉइडचे ऐकतात. माणसाचे मन स्वतःची काळजी वाहणारे यंत्र आहे, हे निराशाजनक चित्र त्यांना खरे वाटते. पण त्यावरचा उपाय त्या इच्छाशक्तीत शोधत नाहीत. दात-ओठ खाऊन चांगले होता येत नाही. नजर स्वतःवरून काढून बाहेर कशावर तरी लावावी लागते.

हे समजावताना त्यांनी दिलेली दोन उदाहरणे दीर्घकाळ मनात राहतात. पहिले असे : आपण खिडकीशी बसलो आहोत, कुणीतरी आपला मान राखला नाही म्हणून धुमसत आहोत, आजूबाजूचे भान नाही. इतक्यात हवेत एकाच जागी तरंगत राहिलेला केस्ट्रेल जातीचा छोटा ससाणा दिसतो. क्षणात सगळे पालटते; दुखावलेला मी नाहीसा होतो आणि उरतो फक्त ससाणा. पुन्हा मूळ गोष्टीकडे वळावे तर ती आता तितकी मोठी वाटत नाही. दुसरे उदाहरण रशियन भाषा शिकण्याचे आहे. भाषा शिकणाऱ्याच्या समोर एक अशी रचना असते जी त्याच्या मर्जीवर चालत नाही, जिचा त्याला आदर करावा लागतो, आणि जिच्यात शिरताना तो हळूहळू स्वतःपासून दूर, एका परक्या आणि खऱ्या गोष्टीकडे नेला जातो. ससाण्याचे उदाहरण आयते मिळालेल्या कृपेसारखे आहे, रशियनचे कष्टाचे. गाण्याचा रियाज, सुतारकाम, रुग्णसेवा, गणित असे काहीही निष्ठेने केलेल्या माणसाला दुसरे उदाहरण विशेष भिडेल.

यानंतर पुस्तक प्लेटोकडे वळते आणि तिथे माझा उत्साह थोडा कमी होतो. गुहेतले बंदी अग्नीने पडलेल्या सावल्यांनाच खरे मानतात आणि बाहेर पडणाऱ्यालाच सूर्याच्या उजेडात खरे जग दिसते, या प्लेटोच्या रूपकाचा आधार घेऊन मर्डॉक म्हणतात की ‘शिव’ किंवा ‘चांगले’ ही कल्पना इतर सर्व कल्पनांच्या वर आहे. तिची व्याख्या करता येत नाही, तिच्याकडे थेट पाहणे कठीण आहे, पण तिच्या उजेडात बाकी सगळे दिसते. देव नाही, जगाला बाहेरून दिलेले प्रयोजन नाही, मृत्यू आणि योगायोग खरे आहेत, आणि तरीही चांगले असण्याला अर्थ आहे. किंबहुना चांगुलपणाचा कशासाठीही उपयोग नसणे हेच त्याचे वैशिष्ट्य. निरीश्वर तरीही गंभीर अशा या भूमिकेबद्दल मला आदर वाटतो. परंतु एकच सर्वोच्च ‘चांगले’ का, अनेक चांगल्या गोष्टी एकमेकींना छेद देत असतील तर काय, या प्रश्नांवर युक्तिवादाऐवजी रूपकच पुढे होते.

कादंबऱ्यांत आपण तत्त्वज्ञान घालत नाही, ते घालण्याची आपल्याला धास्तीच वाटते, असे मर्डॉक मुलाखतीत निक्षून सांगत. त्यांचा हा आग्रह मान्य करूनही १९५८ च्या ‘द बेल’मधला एक प्रसंग या पुस्तकाशेजारी ठेवावासा वाटतो. नवऱ्याच्या धाकाने आणि स्वतःच्या गोंधळाने त्रासलेली डोरा एका दिवसासाठी लंडनला पळून येते आणि नॅशनल गॅलरीत गेन्सबरोने रंगवलेल्या त्याच्या दोन लेकींच्या चित्रापुढे थांबते. हातात हात घालून झाडीतून चालणाऱ्या त्या दोन मुली तिच्या दुःखाने बदलत नाहीत. तिच्या मनाला गिळता न येणारे, पूर्णपणे खरे असे काहीतरी समोर आहे, एवढे तिला उमगते आणि ती परत जायला निघते. ‘द सी, द सी’त हेच उलट बाजूने येते. निवृत्त नाट्यदिग्दर्शक चार्ल्स अ‍ॅरोबी आपल्या तरुणपणीच्या प्रेयसीला, आता वय झालेल्या आणि संसारी असलेल्या हार्टलीला, आपल्या समुद्रकाठच्या घरात अक्षरशः कोंडून ठेवतो आणि त्याला प्रेम समजतो. तिच्या म्हणण्याकडे त्याचे लक्षच जात नाही, कारण त्याला दिसते आहे ती हार्टली त्याने स्वतःच रचलेली आहे. अवधान नसलेले प्रेम कुठवर जाते हे निबंधांपेक्षा इथे अधिक लख्ख दिसते.

आता सर्वांत गंभीर तक्रार. दुसऱ्या निबंधात मर्डॉक म्हणतात की खरा चांगुलपणा कदाचित साध्या माणसांत, मोठ्या कुटुंबांतल्या अबोल, निःस्वार्थ आयांमध्ये सर्वांत खात्रीने भेटतो; आणि लगेच जोडतात की या उदाहरणांतून प्रकाश मात्र सर्वांत कमी पडतो. आमच्या वाचनगटात एक निवृत्त परिचारिका आहेत. त्यांनी हे वाक्य मोठ्याने वाचले आणि विचारले, “अबोल कोणी ठेवलं त्यांना? आणि मी आणखी किती विसरायचं स्वतःला?” सर्वांना गप्प करणारा प्रश्न होता तो. काल्पनिक सासूच्या मनाला तीन-चार पाने देणाऱ्या लेखिकेने प्रत्यक्षातल्या या आयांना एका वाक्यात वाटेला लावावे, हे मला अन्यायाचे वाटते. ज्यांना आयुष्यभर ‘स्वतःचा विचार करू नकोस’ हेच ऐकवले गेले, त्यांच्या हाती हे पुस्तक देताना काळजी घ्यायला हवी.

तरीही उदाहरण पुन्हा वाचले की एक भेद स्पष्ट होतो, आणि तो मर्डॉक यांनी स्वतः ठळक केला असता तर बरे झाले असते. सासू सुनेसाठी कोणताही त्याग करत नाही. ती दागिना देत नाही, खोली देत नाही, आपली मते सोडत नाही. तिने सोडले ते फक्त एक खोटे चित्र. स्वतःवरून नजर काढणे म्हणजे दुसऱ्यापुढे नमणे, असे त्यातून निघत नाही. उलट न्यायी नजरेला पिळवणूकही पिळवणूक म्हणूनच दिसली पाहिजे. जी बाई आपल्यावरचा जुलूम ‘त्यांचा स्वभावच तसा’ म्हणून झाकते, तीही खरे पाहत नसते. हे मी वाक्यात मांडतो आहे ते पुस्तकाच्या आधारे, पण पुस्तकात ते मांडलेले नाही. त्याचबरोबर संस्था, कायदा, मजुरी, जात किंवा वर्ग यांतून होणाऱ्या अन्यायाबद्दल इथे फारसे काही नाही. सुनेला ‘गावंढळ’ ठरवणाऱ्या नजरेमागे इंग्लंडमधली वर्गव्यवस्था उभी आहे, हे मर्डॉक यांना माहीत आहे. पण ती व्यवस्था बदलण्याचा प्रश्न त्या या पानांत घेत नाहीत. एका वेळी एकाच माणसाकडे पाहणारी ही नीती आहे, आणि तिच्याकडून तेवढेच मागावे.

भाषेबद्दल सांगायचे तर मर्डॉक यांचे इंग्रजी स्वच्छ आहे, पण समकालीन तत्त्वज्ञांची नावे त्या परिचय न करून देता घेतात. हेअर, हॅम्पशर, मूर, विट्गेनस्टाइन यांची थोडीफार ओळख नसलेल्या वाचकाची पहिल्याच पंधरा-वीस पानांत दमछाक होते आणि पुस्तक कपाटात जाते, असे मी अनेकांचे झालेले पाहिले आहे. म्हणून सुरुवात तिसऱ्या निबंधाने करावी. ससाणा, रशियन भाषा, गुहा आणि नम्रतेवरची अखेरची पाने तिथे आहेत, आणि मूळचे व्याख्यान असल्यामुळे त्याची वाक्ये कानाला धरून चालतात. मग पहिल्या निबंधातला सासू-सुनेचा भाग वाचावा, त्यानंतर तो निबंध पहिल्यापासून, आणि दुसरा सर्वांत शेवटी. पेन्सिल हाताशी असू द्यावी. एका बैठकीत दहाबारा पानांपेक्षा जास्त वाचू नये.

याच विचारांचा मोठा विस्तार मर्डॉक यांनी १९८२ च्या एडिंबरातल्या गिफर्ड व्याख्यानांत केला आणि १९९२ साली तो ‘मेटाफिजिक्स अ‍ॅज अ गाइड टू मॉरल्स’ या नावाने ग्रंथरूपात आला. तो पाचशेहून अधिक पानांचा, पसरट आणि वाट चुकवणारा ग्रंथ आहे. हे छोटे पुस्तक दोनदा वाचून झाल्याखेरीज त्याला हात लावू नये, आणि त्याआधी ‘द बेल’ वाचलेली असेल तर अधिक चांगले.